नेहमीचा तास

प्रशिक्षणाच्या मॅडमनी सांगितलं ते असं.

जोडीजोडीने एकमेकांचा तास बघायचा. बघणाऱ्याने मागच्या बाकावर बसायचं. बोलायचं नाही. काही विचारायचं नाही. मानही डोलवायची नाही, कारण मान डोलली की शिकवणाऱ्याचं सगळं लक्ष त्या मानेकडे जातं. तास संपला की दोघांनी कुठेतरी शांत बसायचं आणि खरं बोलायचं.

"आणि कृपा करून," मॅडम म्हणाल्या, "नेहमीचा तास घ्या. ही परीक्षा नाही. मला तुमचा घरातल्या कपड्यांमधला तास हवाय, लग्नातल्या कपड्यांमधला नको."

सगळ्यांनी लिहून घेतलं: नेहमीचा तास.

"कुठेतरी शांत बसायचं म्हणजे कुठे?" भाषेच्या सरांनी विचारलं.

"कुठेही."

"कॉलेजात?"

"शक्यतो," मॅडम म्हणाल्या, आणि सगळे हसले, मॅडमसुद्धा.

हसण्याचं कारण असं की कार्यशाळा खेळाच्या सामानाच्या खोलीत चालली होती. जाळी काढलेल्या टेबल टेनिसच्या टेबलाभोवती सगळे बसले होते. हे सगळे तासावर शिकवणारे. कॉलेजात त्यांना तासवाले म्हणत. तासवाल्याला स्टाफरूममध्ये खुर्ची नसते, कपाट नसतं, दारावर नाव नसतं. तास असतो. तो संपला की माणूस कॉलेजातून पुसला जातो, पुढच्या तासापर्यंत. कायम नोकरीतल्या लोकांची प्रशिक्षणं दर वर्षी व्हायची, चांगल्या सभागृहात, गळ्यात ओळखपत्रं घालून. तासवाल्यांचं हे पहिलंच. मॅडमनी त्यासाठी प्राचार्यांच्या नाकीनऊ आणले होते, असं शिपाई सांगत होता.

जोड्या लागल्या. भूगोलाच्या बाईंची जोडी भाषेच्या सरांशी लागली.

*

भूगोलाच्या बाईंना मुलं नकाशाबाई म्हणायची. खांद्यावर कायम पुठ्ठ्याचं एक लांब नळकांडं, त्यात गुंडाळलेले नकाशे. कपाट नाही, तर नकाशे ठेवणार कुठे? बसमध्ये एकदा वाहकाने विचारलं होतं, "बाई, तोफ का?" तेव्हापासून तो रोज विचारतो, "आज कोणावर?"

भाषेच्या सरांना मुलं स्वल्पविराम म्हणायची. वाक्याच्या मधेच थांबायची त्यांना सवय. पुढचा शब्द येईल की नाही याची वर्गाला खात्री नसे. कधी कधी सरांनाही नसे.

दोघं कित्येक वर्षं एकच खोली वापरत होते. तळमजल्याच्या टोकाची, एका खिडकीची कडी तुटलेली. नकाशाबाई बाहेर पडायची, सर आत यायचे. दारात "नमस्कार", "झालं?", "हो, या." तिचे डोंगर ते पुसायचे. दुसऱ्या दिवशी त्यांची अर्धवट वाक्यं ती पुसायची. एवढी वर्षं एकमेकांचा फळा पुसत आलेली माणसं, पण त्या टेबल टेनिसच्या टेबलापाशी बसेपर्यंत तिने त्यांना बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. बसल्यावर ते बरेच लहान दिसत.

*

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी.

नकाशाबाईला शिकवताना आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. मुलं बघतात, पण मुलांना काय, त्यांना वाटतं शिकवणं हे पंख्यासारखं आपोआप चालतं. शिकवण्याचा धंदा ज्याला माहीत आहे असं माणूस तिच्या तासाला कधी बसलं नव्हतं. प्राचार्यांनी एकदा दार उघडलं होतं, "खडू आहे का जास्तीचा?" म्हणाले, खडू घेतला, दार लावलं. सुताराने खुर्ची केली की तिच्यावर कोणीतरी बसतं. चोरालासुद्धा साथीदार असतो. तिला कधी कधी बसमध्ये वाटायचं, आज वर्गात जे झालं ते झालं तरी का? कोणाला विचारायचं?

म्हणून तिला हे हवं होतं. शाबासकी नको, प्रमाणपत्र नको. एका जाणत्या माणसाने मागे बसावं आणि नंतर सांगावं की, बाई, तुम्ही असं असं करता.

तिला एकच तास मिळणार होता. बुधवारचा.

*

फोन. सोमवारी संध्याकाळी. एका टोकाला ती, भाड्याच्या खोलीत, स्टुलावर. दुसऱ्या टोकाला आई, धाकट्या भावाकडे.

"जेवलीस?"

"जेवते आता. आई, बुधवारी माझा तास बघायला एक जण येणार आहेत."

"साहेब?"

"नाही गं. माझ्यासारखेच. भाषेचे सर."

"लग्न झालंय त्यांचं?"

"आई."

"नुसतं विचारलं."

"दोन मुलं आहेत."

"बरं. चांगलं आहे. त्यांनी बघितल्यावर कायम करतात का?"

"नाही. तसं काही नाही."

"मग बघायचं कशाला?"

"मला कळावं म्हणून."

"तुला येत नाही का शिकवायला?"

"येतं."

"मग? इथल्या काकू परवा विचारत होत्या, मुलगी कायम झाली का? मी म्हटलं, मुलगी कायमच आहे आमची, नोकरीचं बघू."

ती हसली. आईला नेहमी असं काहीतरी सुचतं.

"आई, उद्या डोंगर शिकवायचेत. नकाशात डोंगर कसा दाखवतात, ते."

"हो का? बरं, ठेवते गं. वहिनी हाक मारतेय. जेव वेळेवर."

*

तास, पहिल्यांदा. मंगळवार.

फळ्यावर वाकड्यातिकड्या गोल रेषा, एकात एक. समान उंचीवरची ठिकाणं जोडली की अशी रेषा तयार होते, तिला समोच्च रेषा म्हणतात. हे वाक्य नकाशाबाईने म्हटलं आणि वर्गाने लिहून घेतलं. लिहून घेताना वर्ग नेहमी समाधानी दिसतो.

तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, डोंगर तर उभा असतो ना? मग तो कागदावर आडवा कसा झोपतो?"

कोणीतरी फिसकन हसलं. मुलगी लाल झाली, पण तिने वाक्य मागे घेतलं नाही.

नकाशाबाईकडे उत्तर होतं. पुस्तकातलं. ते द्यायला तिने तोंड उघडलं आणि दिलं नाही. तिला दिसलं की हे उत्तर या मुलीच्या कानाला लागून खाली पडेल. ती गप्प झाली. वर्गही गप्प झाला. बाहेर कोणीतरी बादली ओढत होतं. ती मुलीकडे बघत राहिली, आणि त्या मुलीने टेबलावर टेकवलेल्या मुठीकडे.

"पेन आहे का निळं?" ती म्हणाली.

मुठीवर, बोटांच्या मुळाशी, हाडांचे उंचवटे असतात. त्यातल्या एकाच्या माथ्याभोवती तिने मुलीला बारीक वर्तुळ काढायला लावलं. त्याच्या खाली थोडं मोठं. त्याच्या खाली आणखी मोठं. जिथे उतार जास्त तिथे रेषा जवळ आल्या, जिथे कमी तिथे लांब.

"आता तळवा टेबलावर सपाट ठेव."

मुलीने मूठ उघडली. डोंगर गेला. रेषा राहिल्या.

"आईशप्पथ," मुलगी म्हणाली.

मग सगळ्या वर्गाने मुठी वळल्या. डाव्या हाताने काढायला गेलेल्यांची वर्तुळं बिघडली. एकाने शेजाऱ्याच्या नाकावर डोंगर काढायचा प्रयत्न केला. मुलं मूठ वळत होती, उघडत होती, डोंगर, नकाशा, डोंगर, नकाशा. तास संपल्याचं कोणाला कळलं नाही. दारात स्वल्पविराम सर उभे होते, आत बघत नव्हते, आपला डबा शोधत होते पिशवीत.

"नमस्कार. झालं?"

"हो, या," ती म्हणाली, आणि बाहेर पडली.

एक दिवस. फक्त एक दिवस आधी झालं हे.

*

बुधवारी तासाच्या आधी ती लवकर आली. मुलंही काही आली होती. तिने दार लोटून घेतलं. त्यानंतरचे आवाज:

"आज एक सर आपला तास बघायला येणार आहेत. तर आपण कालचंच पुन्हा घेऊ या."

"कालचं झालं ना, मॅडम?"

"झालं. पण झालं नाही असं समजायचं."

"म्हणजे आम्हाला येत नाही?"

"येत नाही."

"हे आम्हाला जमेल, मॅडम."

हशा.

"मॅडम, मी चुकीचं उत्तर देऊ का?"

"तू कशाला? काल ती चुकली होती. तीच चुकेल."

"मी चुकले नव्हते, मी विचारलं होतं!"

"तू तसंच विचार. काल विचारलंस तसं."

"काल कसं विचारलं होतं मी?"

"डोंगर उभा असतो ना, असं."

"हसायचं कोणी? काल मी हसलो होतो."

"हस. पण थोडंच."

"आईशप्पथ म्हणू का, मॅडम?"

नकाशाबाईने फळा पुसायला घेतला.

"म्हण," ती म्हणाली.

*

तास, दुसऱ्यांदा. मागच्या बाकावरून.

मागच्या बाकावरून पुढच्या सगळ्यांची डोकी दिसतात आणि डोक्यांच्या मधून फळा. बाई ताठ उभ्या आहेत. साडी कडक इस्त्रीची. फळ्यावर गोल रेषा आखीव आहेत, इतक्या सुरेख की पुसायला हात धजावणार नाही. बाई व्याख्या सांगतात. वर्ग लिहीत नाही. मग कोणाला तरी आठवतं आणि सगळे एकदम लिहायला लागतात.

खिडकीजवळची मुलगी हात वर करते. बाईंचं वाक्य अजून संपायचं असतं.

"डोंगर उभा असतो ना मग तो कागदावर आडवा कसा झोपतो?"

एका दमात. एक मुलगा हसतो, थोडंच.

बाई थांबतात. बाईंचं थांबणं लांब आहे. त्या खिडकीबाहेर बघतात, कपाळाला आठी घालतात, हनुवटीला बोट लावतात. मग त्यांना सुचतं.

"पेन आहे का निळं?"

वर्गातली सगळी पेनं बाकांवर तयार असतात. काहींची टोपणंही काढलेली.

मुलगी मूठ वळते, वर्तुळं काढते, तळवा सपाट ठेवते आणि वर्गाकडे तोंड करून स्पष्ट आवाजात म्हणते, "आईशप्पथ."

मग बाई दुसरा नकाशा उलगडतात. नदीचा. हा तालमीत नसावा, कारण इथे मुलं एकमेकांकडे बघतात. बाई भरभर सांगतात, रेषा कुठे वळतात, नदी कुठे, वेळ संपत आलाय. मुलं माना डोलावतात.

तास वेळेवर संपतो. अगदी मिनिटाला मिनिट.

*

शांत जागा म्हणून त्यांना ग्रंथालयाच्या मागचा जिना सापडला. त्याच्यावर कोणी येत नाही, कारण वरचं दार बंद असतं. ती एका पायरीवर बसली, ते दोन पायऱ्या खाली. सरांनी डबा उघडला, बंद केला.

"छान झाला," ते म्हणाले.

ती थांबली. ते मधेच थांबतात हे तिला माहीत होतं, म्हणून तिने पुरेसा वेळ दिला. पुढे काही आलं नाही.

"आणखी?"

"नाही, छानच झाला. मुलं, छान आहेत तुमची."

"काही सुधारणा?"

"कशाला?" ते म्हणाले. "सगळं जमलं होतं की."

ती हो म्हणाली. हे तिला हवं होतं असं तिला वाटलं होतं. ती बाटलीतलं पाणी प्यायली. उद्या ती त्यांच्या तासाला बसणार होती, त्याबद्दल ते काहीतरी बोलले. तिने ऐकलं नाही.

*

त्यांचा तास. गुरुवार. आता मागच्या बाकावर ती.

मुलं थोडी. त्यातली निम्मी पेंगत होती. सरांनी एक लांब उतारा मुलांकडून वाचून घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला त्यांना वाटलं, आधी संदर्भ सांगायला हवा होता. संदर्भ सांगता सांगता ते एका शब्दापाशी अडकले. "याला म्हणतात," असं म्हणून थांबले. वर्ग थांबला. पंखा फिरत होता. शब्द आला नाही. "असू दे," ते म्हणाले आणि पुढे गेले, आणि पुढे गेल्यावर शब्द आला, आणि ते मागे आले. दोन मुलं एकमेकांकडे बघून हसली. सरांनी ते पाहिलं. त्यांनी एकदा, एकदाच, मागच्या बाकाकडेही पाहिलं.

नकाशाबाईला त्यांच्यासाठी पळून जावंसं वाटलं. एवढी तयारी कशी नाही केली या माणसाने? आज? आणि मग तिच्या ध्यानात आलं. ते तर सांगितलं होतं तेच करत होते.

एक मुलगा वाचताना चुकला. एकाच वाक्यात तो तीन ठिकाणी भलतीकडेच तोडत होता, त्यामुळे वाक्याचा अर्थ रस्त्यावर सांडल्यासारखा झाला. सर "पुन्हा वाच" म्हणाले. तो पुन्हा चुकला. सर चालत त्याच्या बाकापाशी गेले, बाजूला उकिडवे बसले, त्याच्या खांद्याच्या उंचीला आले आणि पुस्तकात न बघता म्हणाले, "पुन्हा." आवाज तोच, पण अर्धा. मुलाने वाचलं. वाक्य सरळ झालं. सर उठले, गुडघा कटकन वाजला, आणि ते फळ्याकडे गेले. ते काय करून आले हे त्यांना माहीत नसावं. मुलाला तर नव्हतंच. पण तिने पाहिलं होतं. आणि ते पाहणारी या जगात ती एकटी होती.

*

मुलं गेल्यावर त्या खोलीत पुढे तास नव्हता. दोघं तिथेच बसले. कोणी जिन्याचं नाव काढलं नाही.

"बोला," सर म्हणाले. "जरा जपून बोला."

तिने आधी वाईट ते सांगितलं. संदर्भ उशिरा आला. मागचा बाक झोपला होता. ते मान हलवत गेले, हो, हो, ते नेहमीचंच. मग तिने त्या मुलाचं सांगितलं. उकिडवं बसणं, अर्धा आवाज.

"मी बसलो खाली?"

"बसलात की. गुडघा वाजला तुमचा."

"तो वाजतोच." ते टेबलाची कड चाचपत राहिले. "पुन्हा सांगा ना. म्हणजे, आधी मी काय केलं?"

तिने पुन्हा सांगितलं. ते ऐकत असताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिने बघितलं नाही, बघवलं नाही. दुसऱ्याच्या ताटात डोकावल्यासारखं वाटलं.

मग ते म्हणाले, "मॅडम, मुलांच्या बोटांवर शाई होती."

"कुठे?"

"काल. हजेरीच्या वेळीच. तुम्ही शिकवायच्या आधी. फिकी निळी वर्तुळं. सगळ्यांच्या मुठींवर."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"बॉलपेन," ते म्हणाले, जणू तिची बाजू घेत. "एका दिवसात जात नाही ते."

"तुम्ही काल का नाही बोललात?"

"नाटक छान होतं. ती मुलगी तर, उद्या बक्षीस घेऊन येईल कुठून तरी. पण तुमचा तास मी पाहिलेला नाही."

वर्गात कोणीही नव्हतं, तरी तिने दाराकडे पाहिलं.

"मंगळवारी खरंच तसं झालं होतं," ती म्हणाली. "शपथेवर सांगते. तिने खरंच विचारलं होतं. मला खरंच सुचलं होतं."

"झालं असेल."

असेल. तेवढंच. आता कोणी कितीही म्हटलं तरी मंगळवारचं काही उरलेलं नव्हतं, आणि बुधवारने ते जास्तच खोटं करून टाकलं होतं. तिच्याच हाताने.

"पुढच्या आठवड्यात या," ती म्हणाली. "कधीही या. काहीही करणार नाही मी. न सांगता या."

"तुमचा तास असतो तेव्हा माझा दुसऱ्या कॉलेजात असतो. काल तिथे रजा टाकून आलो होतो. म्हणून तर एकच खोली पुरते आपल्याला."

"मग पुढच्या सत्रात."

"पुढच्या सत्रात मी इथे नाही." हे त्यांनी कुठेही न थांबता म्हटलं. "दोन तुकड्या एक करतायत. कायमवाल्या मॅडम घेतील. परवाच कळलं."

"प्रशिक्षणाच्या मॅडमना माहीत आहे?"

"त्याच रडल्या. मीच त्यांना पाणी आणून दिलं."

दोघं हसले. हसू लवकर संपलं.

"आत्ता घ्या," सर म्हणाले.

"काय?"

"तास. मला अर्ध्या तासाने निघायचंय, पण अर्धा तास आहे."

"कोणाला शिकवू?"

"मी बसलोय ना."

"तुम्हाला सगळं माहीत आहे. मूठ, वर्तुळं..."

"मुठीपर्यंत आलं. नदीचं आलं नाही." ते पुढच्या बाकावर येऊन बसले. "खरंच नाही आलं. मुलं माना डोलवत होती, मनात म्हटलं, मीच ढ का? विचारणार होतो, पण बघणाऱ्याने विचारायचं नसतं."

*

तास, तिसऱ्यांदा.

तिने नकाशा बाहेर काढला आणि फळ्यावर टांगला. एक कोपरा गुंडाळला जात होता, तो हाताने धरून ठेवावा लागला. बोलायला सुरुवात केली ती कालच्याच वाक्यांनी. चार वाक्यं झाल्यावर सर म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"नाही कळत."

तिने कोपरा सोडून दिला. नकाशा वर गुंडाळला गेला. त्यापेक्षा फळा बरा. तिने खडूने चार रेषा काढल्या, एकापुढे एक, प्रत्येक रेषा मधेच टोकदार वळलेली, सगळी टोकं एकाच बाजूला. प्रत्येकीवर उंची लिहिली. शंभर, दोनशे, तीनशे, चारशे. टोकं चारशेच्या बाजूला.

"या टोकांमधून नदी जाते," ती म्हणाली. "कुठून कुठे जाते?"

"सोपं आहे. बाणासारखं दिसतंय. बाण तिकडे, म्हणजे नदी तिकडे."

तोंडावर आलेलं "चूक" तिने तोंडातच ठेवलं.

"या इकडे. बोट ठेवा. चला नदीबरोबर."

सर उठून फळ्यापाशी आले. शंभरावर बोट ठेवलं. बाणाच्या दिशेने निघाले. दोनशे. तीनशे.

"कुठे आलात?"

"तीनशेवर."

"निघालात कुठून?"

"शंभरापासून." ते थांबले. बोट तीनशेवरच. "चढलो की मी."

ती काही बोलली नाही.

"पाणी चढत नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण बाण तर..." आणि थांबले. हे त्यांचं नेहमीचं थांबणं नव्हतं. हे दुसरं होतं. आत काहीतरी सरकत होतं, आणि ते सरकत असताना त्याला बाहेरून हात लावायचा नसतो. ही शांतता तिच्या ओळखीची होती. पुष्कळ मुलांच्या तोंडावर तिने ती पाहिली होती, आणि त्या शांततेत ती दर वेळी एकटीच उभी राहिली होती. पंखा बंद होता. तुटलेल्या कडीची खिडकी हळूच आपटत होती. तिला खडू खाली ठेवायचं सुचलं नाही. आपण कशा उभ्या आहोत, चेहरा कसा दिसतो, यातलं काही तिच्या मनात आलं नाही.

सरांचं बोट तीनशेवरून हललं. खाली येऊ लागलं. दोनशेला थांबलं.

त्यांच्या पिशवीत गजर वाजायला लागला.

"अरे देवा," ते म्हणाले. "बस." त्यांनी डबा पिशवीत कोंबला, पिशवी खांद्याला मारली, शाल की मफलर काहीतरी बाकावर राहिलं ते तिने उचलून दिलं. दारात ते वळले.

"तुम्ही गप्प बसता ना," ते म्हणाले, आणि थांबले. तिला वाटलं, आता हे बस चुकवणार. "तेव्हा फळ्याकडे बघत नाही तुम्ही. माणसाकडे बघता. आणि श्वास धरून ठेवता. समोरच्याला सुचेपर्यंत. मला वाटलं, मला लवकर सुचलं नाही तर बाईंचं काही खरं नाही."

आणि ते गेले.

ती खडू हातात धरून उभी राहिली. मग एकदम दाराशी धावली. लांबलचक मोकळा व्हरांडा, त्याच्या टोकाला वळण.

"कधी?" ती ओरडली. "कधी धरला मी श्वास?"

वळणापलीकडून धावत्या पावलांचा आवाज, आणि त्याच्यावरून सरांचा.

"आत्ता! आत्ताच की!"

पावलं फाटकापर्यंत ऐकू आली. मग आली नाहीत. शेजारच्या वर्गाचं दार उघडलं आणि कायमवाल्या एका मॅडमनी बाहेर डोकावून विचारलं, "कोण ओरडतंय?"

"मी," नकाशाबाई म्हणाली.

"तास चालू आहे का तुमचा?"

तिने मागे वळून रिकाम्या बाकांकडे पाहिलं.

"होता," ती म्हणाली, आणि नकाशा गुंडाळायला आत गेली.